नाकाची ड्युटी

९ ऑक्टोबर २०११, रविवार

आलो एकदाचे! कोथरूडच्या घरमालकांनी किल्ली परत घेताना भिंतीतल्या प्रत्येक खिळ्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि मांजरीला जाताय म्हणजे तुम्ही जवळजवळ सोलापूरलाच निघालात की, असं म्हणून दार लावून घेतलं. चहा विचारला नाही, हे ओघानेच आलं. नवरोबा सौरभ टेम्पोत बसेपर्यंत हसत होता.

घर तळमजल्यावर आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण आमचं स्वतःचं. खिडकीतून सोसायटीची भिंत दिसते. भिंतीपलीकडे जाळीचं कुंपण, आत पिवळे पाइप आणि एक ठेंगणी पांढरी खोली, आणि त्यापुढे नजर पोचेल तिथवर ऊस. ते पाइप कसले म्हणून विचारलं तेव्हा बिल्डरचा माणूस घाईघाईने म्हणाला होता की गॅसचं स्टेशन आहे, काही त्रास नाही. लांबून नैसर्गिक वायू येतो, इथे त्याचा दाब कमी करतात आणि शहराकडे सोडतात. सौरभचं मगरपट्ट्यातलं ऑफिस इथून जवळ. माझं काय, कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांची बडबड टाइप करायची, ती कुठेही बसून होते.

बुद्धांच्या फोटोपुढे अगरबत्ती लावली. धूर दिसला, त्यावर समाधान. तीन वर्षांपूर्वीच्या तापात माझं वास येणं गेलं ते गेलंच. येईल, वाट पाहा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून माझं नाक नुसतं चष्मा टेकवायला आहे.

संध्याकाळी समोरच्या दारातल्या शालनताई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. माझ्याच वयाच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला मोकळ्या. त्यांचे यजमान उत्तरेश्वर मार्केट यार्डात भाजीचा टेम्पो चालवतात. मी झाकण उघडून म्हटलं, अहाहा, काय वास सुटलाय! ही माझी नेहमीची थाप. वास येत नाही असं सांगितलं की लोक कीव तरी करतात, नाहीतर हाताला लागेल ते नाकाशी धरून परीक्षा घेतात. दोन्हींचा मला मनस्वी कंटाळा आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

इथे रोज दिवेलागणीला एक टोल पडतो. फाटकापाशी झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला आहे, त्यावर कुणीतरी हातोडी मारतं, आणि मग सगळ्या स्वयंपाकघरांत एकदम लायटरचे टकटक आवाज सुरू होतात. मला वाटलं, एखादं व्रतबित असेल. शालनताईंना विचारलं तर त्या हसल्या नाहीत.

त्यांनी समजावून सांगितलं. या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती झाली तर कळावं म्हणून त्यात सडक्या अंड्यासारख्या वासाचं औषध मिसळतात. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो वास सोसायटीभर पसरला. माणसं ओकत होती, लेकरांना उचलून रस्त्यावर पळाली. कंपनीने गॅस मोजायचं यंत्र आणून दाखवलं आणि शून्य आलंय, तुमच्या मनाचे खेळ आहेत, असं सांगून टाकलं. त्या दिवसापासून रामदासकाकांनी ही ड्युटी लावली. काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, स्टेशन वस्तीपासून दूर हलवा म्हणून लढणाऱ्या समितीचे प्रमुख. रोज एका घरातल्या एकाने भिंतीच्या कडेने चालायचं आणि वास घ्यायचा. हवा स्वच्छ असेल तर टोल. वास असेल तर टोल नाही, मग कुणी शेगडी पेटवायची नाही, बटणाला हात लावायचा नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं. यंत्र कंपनीचं असलं तरी नाक आपलं आहे, असं काकांचं म्हणणं.

गंमत म्हणजे हा गॅस आमच्या उशाखालून थेट कोथरूडला जातो. आम्ही सिलेंडरसाठी नंबर लावून बसतो.

१६ ऑक्टोबर, रविवार

गच्चीवर समितीची बैठक होती. शालनताईंनी माझ्यासाठी सतरंजीवर जागा धरून ठेवली होती. काकांनी ड्युटीसाठी माझं नाव घेतलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी सांगणार होते. अगदी ओठावर आलं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मागे ड्युटी नाकारली, तर त्यांना सगळे अजून कंपनीचे जावई म्हणतात आणि त्यांच्या बायकोशी जिन्यातही कुणी बोलत नाही. बिनवासाच्या नाकाची सबब त्यांना अगदी कंपनीने शिकवून पाठवल्यासारखी वाटली असती. मी म्हटलं, करीन की!

घरी आल्यावर सौरभ वैतागला. वेडी आहेस का मैत्री, उद्या सांगून टाक, म्हणाला. मी त्याला म्हटलं, एवढी माणसं आहेत, माझ्या एकटीच्या नाकावाचून काय अडतंय?

२५ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली ड्युटी पार पडली. भिंतीला एक भगदाड आहे, तिथून पलीकडच्या मथुराबाई शेळीसाठी पाला न्यायला येतात. म्हातारी तिथे वाकून काम करत होती, चेहऱ्यावर काही नाही, पदर खांद्यावर. वास असता तर पदर नाकाला गेला असता. तिच्याकडे बघतच मी भिंतीच्या टोकापर्यंत गेले. हवा बरी आहे ना, असं विचारलं, तर म्हणाली, आज बरी हाय.

टोल दिला. उसनं नाक मिळालं, काम झालं. थोडी लाज वाटली, पण हसूही आलं.

८ नोव्हेंबर, मंगळवार

शालनला मी आता अहो-जाहो करत नाही. दुपारी माझं काम संपलं की ती येते आणि माझ्या पलंगावर पाय पसरून बसते. अमेरिकेतल्या लोकांना काय काय होतं ते मी सांगते आणि ती मनापासून हळहळते. इतक्या वर्षांत माझी अशी मैत्रीण झाली नव्हती.

आज ती स्वतःचं बोलली. संध्याकाळी तिचं डोकं ठणकतं, ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं, ते माहीत नव्हतं. गॅसमुळे, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. गॅसमुळे नाही, असंही म्हणाले नाहीत. कुणीतरी एक काहीतरी नक्की सांगा गं, म्हणजे मला रडून तरी मोकळं होता येईल, असं म्हणाली. मी तिचा हात धरून बसले.

कंपनीचे दत्तप्रसाद म्हणून एक अधिकारी आहेत, अतिशय गोड बोलतात. परवा ते यंत्र घेऊन आले होते. आकडा शून्य. शालनने त्यांना विचारलं, साहेब, तुम्ही कुठे राहता? ते म्हणाले, बाणेरला. मग ती एवढंच म्हणाली, वाटलंच.

दुसरी ड्युटीही झाली. मथुराबाई होत्या.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिते.

मंगळवारी ड्युटी शालनची होती. तिला सर्दी झाली होती, नाक पार चोंदलेलं. दुपारी रुमाल नाकाला लावून ती दारात आली आणि म्हणाली की माझ्या नाकाला आज काही कळत नाही, खोटी ड्युटी कशाला करू, माझ्याऐवजी तू जाशील का?

तेव्हाही मी सांगितलं नाही. हो म्हटलं.

भगदाडापाशी मथुराबाई नव्हत्या. बहिणीकडे लोणीला गेल्या होत्या, हे नंतर कळलं. थंडीमुळे बाहेर दुसरंही कुणी नव्हतं, सगळ्यांच्या खिडक्या लावलेल्या. मी भिंतीच्या कडेने गेले, परत आले, पुन्हा गेले. कुणीतरी येईल, कुणाचा तरी चेहरा दिसेल म्हणून थांबले. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, अहो, टोल कधी देताय, पोरं भुकेली आहेत! मी हवा हुंगल्यासारखं केलं. गार होती, एवढंच कळलं.

मी टोल दिला.

माझ्या दाराशी पोचले नव्हते तोच शालनच्या स्वयंपाकघराची खिडकी उडून बाहेर आली. आवाजाआधी उजेड दिसला. काकांचं म्हणणं, भिंतीच्या बुडाशी पाइप गळत होता, वायरींच्या जुन्या नळीतून गॅस तिच्या ओट्याखाली साठला होता.

ती दवाखान्यात आहे. बोलत नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार

शालन गेली.

१ डिसेंबर, गुरुवार

लोक मलाच धीर द्यायला येतात. दोघी-तिघी म्हणाल्या की त्यांना त्या संध्याकाळी वास आला होता, पण टोल झाला म्हणून आपल्याच मनाचे खेळ समजून त्यांनी शेगड्या पेटवल्या. त्यांच्या घरांत साठला नव्हता म्हणून त्या वाचल्या. स्वतःच्या नाकापेक्षा त्यांनी माझ्या टोलावर विश्वास ठेवला.

उत्तरेश्वर आले होते. दारातच उभे राहिले. ताई, तुमचा काही दोष नाही, गळती टोलानंतर झाली असेल, असं म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंपनीचं निवेदन पेपरात आलंय. रहिवाशांच्याच प्रतिनिधीने हवा स्वच्छ असल्याची खूण दिली होती, त्यामुळे स्टेशनमधून गळती झालेली नाही, मृत महिलेनेच सिलेंडर उघडा ठेवला असावा. बारा तारखेला सरकारी सुनावणी आहे.

म्हणजे माझ्या टोलामुळे शालन मेली, आणि तो टोलच आता तिला दोषी ठरवतोय. मी खरं बोलले तर तिचं नाव सुटेल आणि स्टेशनही कदाचित हलेल. मग या माणसांत मला जागा उरणार नाही.

सौरभ म्हणतो, सांग. मी म्हणते, सांगते.

४ डिसेंबर, रविवार

दिवे लागायच्या वेळी दाराबाहेर कुणीतरी नाक ओढत होतं. सर्दी झालेलं माणूस ओढतं तसं, सूं सूं, मग थोडं थांबून पुन्हा. शेजारचं कुणी असेल म्हणून दार उघडलं.

पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. समोरच्या जळक्या दाराला कुलूप.

७ डिसेंबर, बुधवार

कंपनीने भिंतीच्या कडेने जाड काँक्रीट ओतलंय. काका कामगारांच्या अंगावर धावून गेले. वरून बुजवलंत तर गॅस खालून सरकत घरांत येईल, आणि मातीतून मुरत आला की औषधाचा वास माती खाऊन टाकते, मग नाकालाही कळायचं नाही, असं ते ओरडत होते. दत्तप्रसाद शांतपणे हो हो म्हणत होते.

संध्याकाळी पुन्हा तोच आवाज. आता घराच्या आत. पलंगाच्या पायथ्याशी, ती बसायची तिथे.

सूं सूं.

मी शालन म्हणून हाक मारली. आवाज थांबला. ऐकणारं माणूस थांबतं तसा.

१० डिसेंबर, शनिवार

आज दिसली. भिंतीपाशी, काँक्रीटवर, पाठमोरी. रुमाल नाकाला. मान वर करून वास घेत होती आणि तिला तो येत नव्हता. पुन्हा घ्यायची. पुन्हा—

राग असता तर मी सोसला असता. राग नाही. ती माझी ड्युटी करतेय.

मला तिची भीती वाटते. आणि तिची आठवणही येते. दोन्ही एकाच वेळी. रडू आवरत नाही.

१२ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

सुनावणीत सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मला तीन वर्षं वास येत नाही. त्या दिवशी मी काही न कळताच टोल दिला. गळती होती. शालनचा दोष नाही.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. काका हातातल्या टोपीकडे बघत राहिले. दत्तप्रसादांनी फक्त एक विचारलं, म्हणजे यापुढे वासाबद्दल तुम्ही काहीही सांगितलंत तरी त्याला अर्थ नाही, बरोबर? मी म्हटलं, बरोबर.

पुढची तारीख पडली.

बाहेर उत्तरेश्वर जवळ आले. त्यांनी विचारलं, तिला माहीत होतं?

नाही म्हटलं.

ते निघून गेले.

१३ डिसेंबर, मंगळवार

जिन्यात कुणी बोलत नाही. साहजिक आहे.

संध्याकाळी ती आली. अगदी कानाशी. सूं सूं नाही. लांब, मोकळा श्वास, आत— बाहेर—

तिची सर्दी गेली.

आणि त्याच श्वासाबरोबर मला अगरबत्तीचा वास आला.

१४ डिसेंबर, बुधवार

सगळे वास येतात. साबण, सौरभच्या शर्टाचा घाम, कपाटातल्या डांबरगोळ्या. तिने माझ्या हवाली केलंय. तिचं नाक. मी मागितलं नव्हतं.

सौरभला आनंद झाला. डॉक्टरांना फोन केला त्याने. ते म्हणाले, परत येतो तेव्हा आधी चुकीचे वास येतात, घाबरू नका.

मग आणखी एक वास. ओट्याखालून. अंड्यासारखा.

सौरभ ओट्याखाली वाकला, हुंगलं, काही नाही म्हणाला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१५ डिसेंबर, गुरुवार

काकांकडे गेले. ते स्वतः आले, नाक लावून बघितलं. नाही गं पोरी. यंत्रही मागवलं कुणीतरी. यंत्रवाला दारातूनच आकडा बघून गेला. शून्य.

मी म्हटलं, माती खातेय वास, तुम्हीच म्हणाला होतात ना! काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझी दया आली. तूच भर सुनावणीत सांगितलंस ना, तुला वास येत नाही म्हणून— एवढं बोलून गेले.

मी खिडक्या उघडते. थंडी वाजते म्हणून सौरभ लावतो.

१६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून वाढलाय. शेगडी पेटवली नाही. सौरभला बाहेरच जेव म्हटलं. तो हो म्हणाला, समजूत घालायची म्हणून.

डोकं ठणकतंय. शालनचं ठणकायचं तसंच.

उठायला हवं, बाहेर जायला हवं. पाय जड. लिहिलं की जरा जाग राहते, म्हणून—

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. आज पाठमोरी नाही. रुमालही नाही. दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवलीय तिने. नको नको अशी मान हलवतेय. माझ्याकडे बघून नाही. बाहेरच्या दाराकडे बघून.

टोल झाला. कुणी दिला? कशाला दिला—

बाहेर लायटर टकटक सुरू झाले. आमच्या दारात किल्ली. सौरभ लवकर आलाय. हाक मारतोय, मैत्री, अगं अंधारात काय बसलीस, टोल झाला, चहा टाकतो तुझ्यासाठी—

तिच्या अंगातून आरपार गेला तो. त्याला दिसली नाही.

सौरभ, शेगडी नको, दिवा नको, माझं ऐक, मला खरंच वास—